धरण भरलं, पण कालवा कुठंय? गोसीखुर्दकडून शिकायचे धंद्याचे धडे

भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. अकरा किलोमीटरहून लांब भिंत आणि ३३ दरवाजे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की लोक कुटुंबासह पाहायला जातात. पण या धरणाची खरी गोष्ट भिंतीची नाही, कालव्यांची आहे. छोटा धंदा करणाऱ्या आपल्या घरांनी ती जरूर समजून घ्यावी.

२२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. सुरुवातीचा अंदाज होता ३७२ कोटी रुपयांचा. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची, हे उद्दिष्ट. धरणात पाणी साठू लागलं, तरी कितीतरी शेतं वर्षानुवर्षं कोरडीच राहिली. कारण कालवे आणि त्यांच्या वितरिका पूर्ण नव्हत्या.

आता हेच घरात बघा. समजा, भाभीने ईदसाठी पन्नास ड्रेस शिवून ठेवले. कापडात बचत गेली, वर थोडं कर्जही झालं. माल एकदम छान! पण कोण घेणार, त्यांना कळणार कसं, पोहोचवणार कोण, हे ठरलेलंच नाही. ईद झाली आणि तीस ड्रेस कपाटात. धरण भरलं, कालवा नाही. मार्केटिंग म्हणजे मोठी जाहिरात नव्हे, मालापासून गिऱ्हाइकापर्यंतचा कालवा.

हा कालवा कसा खणायचा?

पहिलं म्हणजे, माल बनवण्याआधी गिऱ्हाईक शोधा. दोन-तीन नमुने शिवा, मोहल्ल्यात आणि नातेवाइकांत दाखवा, थोडी आगाऊ रक्कम घेऊन ऑर्डर लिहा. मगच बाकीचं कापड आणा.

दुसरं, गळती थांबवा. कालव्याचं अस्तर कच्चं असेल तर पाणी वाटेतच मुरतं. धंद्यात ही गळती म्हणजे उशीर, न उचललेला फोन आणि वहीत न लिहिलेली उधारी.

तिसरं, शेवटच्या टोकाकडे लक्ष द्या. पाण्याची पाळी कालव्याच्या शेवटच्या शेतापासून सुरू करावी, असं सिंचनातलं सूत्र आहे. नाहीतर वरचे शेतकरी भरपूर घेतात आणि खालचे वाट पाहत बसतात. एकच ड्रेस घेणारी लांबच्या गावची बाईही वेळेवर माल मिळाला तर चार घरी आपलं नाव सांगते.

चौथं, आधी कळवा. दरवाजे उघडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना सावध करतात. शिलाईचे दर वाढणार असतील किंवा माल दोन दिवस उशिरा मिळणार असेल, तर गिऱ्हाइकाला अगोदर सांगा. आधी सांगितलं तर लोक समजून घेतात, ऐनवेळी कळलं तर तुटतात.

गोसीखुर्दसाठी अनेक गावं उठली, शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. पाणी शेतात पोहोचलं तरच त्या किमतीला अर्थ. आपल्या छोट्या धंद्यातही कुणाचे दागिने, कुणाची बचत गुंतलेली असते. म्हणून पुढचा माल भरण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून कागदावर तीन ओळी लिहा: कोण घेणार, त्यांना कसं कळणार, त्यांच्यापर्यंत कसं पोहोचणार. एक ओळ जरी रिकामी राहिली, तरी खरेदी थोडी थांबवा.