त्या चार मिनिटांत सिस्टरच डॉक्टर

तालुक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले की सांगणे ठरलेले असते, ‘मुंबईला न्या.’ मग परळ गाठायचे. तिथे टाटा, के.ई.एम. आणि वाडियांची लहान मुलांची व बाळंतिणींची इस्पितळे सगळी जवळजवळच. पेशंट वॉर्डात आणि नातेवाईक दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत, नाहीतर फुटपाथवर पथारी टाकून.

के.ई.एम. १९२६ साली सुरू झाले. देशातले पहिले हृदयारोपण डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली इथेच केले. पण रात्री दोन वाजता वॉर्डात एखाद्याचे हृदय एकाएकी थांबते, तेव्हा खाटेजवळ मोठे सर्जन नसतात. असते ती रात्रपाळीची सिस्टर. रक्त पोचले नाही तर चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी होऊ लागते. डॉक्टर जिना चढून येईपर्यंत त्यातली निम्मी गेलेली असतात.

अशा वेळी काय करायचे याचा क्रम ठरलेला आहे. हाक मारून, हलवून पाहायचे. श्वास आणि मानेची नाडी तपासायची. यात दहा सेकंदांवर वेळ घालवायचा नाही. मदतीला ओरडायचे आणि लगेच छाती दाबायला घ्यायची. मऊ गादीवर दाब फुकट जातो, म्हणून पाठीखाली फळी सरकवायची. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल. दर ३० दाबांनंतर फुग्याने दोन श्वास. हा फुगा, म्हणजे अंबू बॅग, १९५६ साली डेन्मार्कमध्ये निघाला. दर दोन मिनिटांनी हात बदलायचे, कारण दमलेला माणूस नकळत हलके दाबू लागतो. विजेचा झटका देणारे यंत्र येईपर्यंत हे थांबवायचे नाही.

ऐकायला सोपे वाटते. उखळात कांडण केलेल्या बाईला विचारा, त्या वेगाने पाच मिनिटे हात चालवणे म्हणजे काय! आणि हे परीक्षेपुरते पाठ करून भागत नाही. शिकलेले कसब काही महिन्यांतच ढिले पडते, असे ठिकठिकाणच्या पाहण्यांत दिसले आहे. रबरी पुतळ्यावर पुन्हा पुन्हा सराव केला तरच हात तयार राहतो. पण एकेका सिस्टरकडे इतके पेशंट असतात, की सरावाला वेळ कुठून आणायचा? शिवाय ‘डॉक्टर येऊ देत, मग बघू’ ही जुनी सवय. आम्हांला वाटते, खरा घात तीच करते. छाती दाबायला सिस्टरने कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. आपल्यापैकी कित्येकांच्या लेकी नर्सिंगला आहेत. सुट्टीत घरी आल्या की विचारा, शेवटचा सराव कधी केलास?

नातेवाइकांनीही एक समजून घ्यावे. सिस्टर अंगावर वाकून छाती दाबते तेव्हा कधी बरगडी मोडते, कडकन आवाजही येतो. ‘मारताहेत आमच्या माणसाला’ म्हणून काही जण हात धरायला धावतात. तसे करू नका. बाजूला व्हा, वाट मोकळी ठेवा. एवढे करूनही बहुतेक वेळा पेशंट हाती लागत नाही, हेही खरे. पण कोणी दाबलेच नाही, तर आशा उरतच नाही.

गावात तर सिस्टरही नसते. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत दाबत राहा. ज्यांनी शिक्षण घेतलेले नाही त्यांच्यासाठी २०१७ साली भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नुसते छाती दाबण्याची सोपी रीत घालून दिली. तोंडाने श्वास देता आला नाही तरी चालते. मात्र विहिरीत बुडालेल्याला आणि तान्ह्या बाळाला श्वासाची गरज असतेच. आणि मोटारीचा शॉक बसला असेल तर आधी स्टार्टर नव्हे, खांबावरचा मेन स्विच बंद करा, मगच माणसाला हात लावा.