यंत्राची नोंद आहे, विदेची नाही

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीच्या वातावरणात परतत असताना टेक्सासच्या आकाशात विखुरले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. ही शोकांतिका भारतीयांच्या स्मरणात आहे; तिचे एक उपकथानक मात्र फारसे सांगितले जात नाही. यानात झेनॉन वायूच्या श्यानतेविषयीचा एक प्रयोग होता. त्याच्या काही नोंदी उड्डाण सुरू असतानाच पृथ्वीवर पाठवण्यात आल्या होत्या, उरलेल्या एका हार्ड डिस्कमध्ये होत्या. काही महिन्यांनी ती डिस्क अवशेषांमध्ये सापडली, तेव्हा तिचे सील वितळले होते, आत धूळ शिरली होती आणि बाहेरून ती धातूचा जळका तुकडाच वाटत होती. तरीही अमेरिकेतील तज्ज्ञांनी आतल्या चकत्या स्वच्छ करून दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळपास सर्व विदा परत मिळवली. २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्धही झाले.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. त्याच यानातील आणखी दोन डिस्कमधून काहीही हाती लागले नाही. जी वाचली, तिच्यातील नोंदी जुन्या धाटणीच्या संगणक प्रणालीमुळे चकतीच्या एकाच भागात सलग लिहिल्या गेल्या होत्या आणि इजा झाली ती रिकाम्या भागाला. म्हणजे यशामागे कौशल्य होते, तसे नशीबही होते. एखाद्या प्रयोगशाळेला नशिबाची साथ मिळू शकते. राष्ट्राचे धोरण मात्र त्याच्या भरवशावर उभे करता येत नाही. आपल्याकडे नेमके तेच होत आले आहे.

लॅपटॉपमधील पारंपरिक हार्ड डिस्क ही अतिशय नाजूक वस्तू असते. तिची चकती मिनिटाला सहसा ५,४०० फेरे घेते आणि वाचन-लेखन करणारे हेड तिच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाच्या केसाची जाडी त्या अंतराच्या हजारो पट असते. धक्का बसला, विजेचा दाब अचानक बदलला किंवा यंत्राचे वय झाले, की हे हेड चकतीला टेकते आणि ‘टक-टक’ असा आवाज येऊ लागतो. अशा वेळी एकच शहाणपणाची गोष्ट असते : वीज तोडणे. प्रत्यक्षात नेमके उलट घडते. लॅपटॉप पुन:पुन्हा सुरू करून पाहिला जातो, दुरुस्तीची सॉफ्टवेअर चालवली जातात, कोणी डिस्क उघडूनही पाहतो. अशा प्रत्येक प्रयत्नागणिक चुंबकीय थर खरवडला जाण्याचा धोका असतो आणि एकदा खरवडलेला थर जगातील कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. रीतसर काम करणारा तंत्रज्ञ धूळमुक्त खोलीत त्याच बनावटीच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवतो, आधी मूळ डिस्कची हुबेहूब प्रत काढतो आणि पुढचे सारे काम त्या प्रतीवर करतो.

हे काम देशात कुठे होते? काही मोजक्या सुसज्ज प्रयोगशाळा वगळल्या, तर दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरुचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट येथील छोट्या दुकानांत. तेथील अनेक कारागिरांचे कसब वादातीत आहे. तथापि, या व्यवसायासाठी ना स्वतंत्र परवाना लागतो, ना ठरावीक अर्हता. आपण दुकानात बंद पडलेली डिस्क देतो, तेव्हा तिच्यासोबत कुटुंबाची छायाचित्रे, बँकेचे तपशील, अशिलांची प्रकरणे किंवा रुग्णांचे अहवालही देत असतो. ती परत मिळाली याचा आनंद एवढा मोठा असतो, की दुकानदाराकडे तिची प्रत उरली का, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

त्यातच तंत्रज्ञान बदलले आहे. नव्या लॅपटॉपमध्ये फिरती चकती नसते. त्यांतील सॉलिड स्टेट ड्राइव्ह पुसलेल्या फायलींची जागा स्वत:हून कायमची रिकामी करतो. विदा कूटबद्ध असते आणि तिची कळ मुख्य चिपशी अथवा वापरकर्त्याच्या खात्याशी जोडलेली असते. चोरीपासून संरक्षण म्हणून ही व्यवस्था उत्तमच. पण लॅपटॉप बिघडला आणि कळही हरवली, तर कुशलातील कुशल कारागीरही हात टेकतो. चोराला अडवणारे कुलूप मालकालाही अडवते. ‘बिघडलेच तर काढून घेऊ’ या विचाराचे दिवस त्यामुळे संपत आले आहेत.

व्यक्तीच्या बाबतीत हे दुर्दैव ठरते. सरकारी कार्यालयाच्या बाबतीत तो कायद्याचा प्रश्न आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकाद्वारे तयार झालेल्या सामग्रीलाही ‘अभिलेख’ मानले आणि विहित पद्धतीविना अभिलेख नष्ट करण्यास पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. तो केंद्र सरकार व केंद्रशासित प्रदेशांसाठी आहे. महाराष्ट्रासारख्या राज्याने आपला स्वतंत्र कायदाही केला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७ सांगते, की जपून ठेवलेली इलेक्ट्रॉनिक नोंद पुढेही वापरण्याजोगी राहिली पाहिजे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध ठेवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कागदी फाइल ‘सापडत नाही’ एवढेच उत्तर पुरेसे नाही, तिचा शोध घेतला पाहिजे आणि जबाबदारी निश्चित झाली पाहिजे, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घेतली.

कागदाला लागू असलेली ही शिस्त डिस्कला लागू होताना मात्र दिसत नाही. कार्यालयातील लॅपटॉपची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते : खरेदीची तारीख, किंमत, अनुक्रमांक. तो बंद पडला, की देखभालीच्या कंत्राटदाराला कळवले जाते. हमीच्या मुदतीत नवी डिस्क मिळते, जुनी सहसा उत्पादकाकडे जाते आणि हमीपत्रात विदेची जबाबदारी कोणीच घेतलेली नसते. नोंदवहीच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटते. त्या डिस्कवर लाभार्थ्यांची अंतिम यादी होती, निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याची सेवेची माहिती होती की तीन वर्षांच्या पाहणीच्या मूळ नोंदी होत्या, हे लिहिण्यासाठी तेथे रकानाच नाही. यंत्राचा घसारा मोजला जातो. त्यातील मजकुराची किंमत मोजली जात नाही. पुढे एखादी विधवा निवृत्तिवेतनासाठी खेटे घालू लागते, तेव्हा ‘संगणक बिघडला होता’ हे वाक्य तिला अखेरचे उत्तर म्हणून ऐकवले जाते.

मोठ्या संस्थांच्या अनुभवातून काय शिकायचे, हेही स्पष्ट आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट विदा कूटबद्ध करण्यात आल्याचे सरकारने संसदेत सांगितले. रुग्णालयाचे काम काही दिवस हाताने लिहिलेल्या कागदांवर चालले. तरीही ई-हॉस्पिटलची विदा परत आली, कारण हल्ल्यातून बचावलेल्या दुसऱ्या सर्व्हरवर तिची प्रत होती. याउलट, सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी विदा केंद्राला आग लागली आणि अधिकाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवणारी ८५८ टेराबाइटची व्यवस्था भस्मसात झाली. तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. डिजिटल प्रशासनात जगाने आदर्श मानलेल्या देशाची ही गत. दोन्ही ठिकाणी फरक पडला तो दुसऱ्या जागी प्रत असण्या-नसण्याने.

‘सर्व काही क्लाउडवर नेले की झाले’ हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे. क्लाउडही कुणाच्या तरी इमारतीतील यंत्रेच असतात. शिवाय निव्वळ समक्रमण म्हणजे प्रत नव्हे. लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल क्लाउडवरूनही पुसली जाते. आणि जिथे वीज व जोडणी यांचाच भरवसा नाही, तेथील कर्मचारी आपले काम आधी लॅपटॉपवरच साठवणार, हे वास्तव धोरणकर्त्यांनी गृहीत धरले पाहिजे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल टाकले आहे. त्यातील ‘विदाभंगा’च्या व्याख्येत विदा नष्ट होणे व तिच्यापर्यंत पोहोचता न येणे यांचाही समावेश आहे. पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत प्रती ठेवण्याचा उल्लेख आहे. पण आपली सार्वजनिक चर्चा विदेच्या चोरीभोवतीच फिरते. चोरी गाजते, गहाळ होणे निमूट घडते. शिवाय हा कायदा वैयक्तिक विदेपुरता आहे. पर्जन्यमापनाच्या नोंदी, जमिनीच्या मोजणीची आकडेवारी, लोकभाषांची ध्वनिमुद्रणे त्याच्या कक्षेत येत नाहीत.

उपाय खर्चिक नाहीत. जडसंग्रह नोंदवहीत यंत्रासमोर दोन रकाने वाढवावेत : त्यात कोणते अभिलेख आहेत आणि त्यांची प्रत कुठे आहे. डिस्क निकामी झाल्यास अभिलेख अधिकाऱ्याने फाइल गहाळ झाल्याप्रमाणेच अहवाल द्यावा. जुनी डिस्क कार्यालयाच्याच ताब्यात राहील, अशी अट खरेदीच्या निविदेत असावी. प्रत नुसती काढून भागत नाही, ती उघडते की नाही हे वर्षातून एकदा पाहून तसे प्रमाणित करावे. विदा परत मिळवून देणाऱ्या कारागिरांसाठी ऐच्छिक मानके व गोपनीयतेचा साधा करारनामा तयार करावा; त्यांना हुसकावून लावणारी नवी परवानाशाही नको. सुस्थितीतील न्यायवैद्यक प्रयोगशाळांनी जिल्हा पातळीवरील बिघडलेल्या डिस्क मर्यादित प्रमाणात तपासून दिल्या, तरी पुष्कळ काही वाचेल.

कोलंबियाच्या त्या डिस्कमधील विदा परत मिळवण्यासाठी तज्ज्ञांनी कष्ट घेतले, कारण तिच्यात काय आहे हे कुणाला तरी माहीत होते आणि कुठे तरी लिहिलेले होते. आपल्या कार्यालयांच्या अडगळीत पडलेल्या डिस्कवर काय होते, हे आज बहुधा कुणीच सांगू शकणार नाही. त्यांचा शोध घेतला जात नाही, तो याच कारणाने.