अमेरिकेतील ख्रिस्ती उन्हाळी शिबिरे

अमेरिकेतील ख्रिस्ती उन्हाळी शिबिरे ही शाळांच्या उन्हाळी सुट्टीत मुलामुलींसाठी भरवली जाणारी निवासी किंवा दिवसभराची शिबिरे होत. पोहणे, नौकानयन, धनुर्विद्या, हस्तकला यांच्या जोडीला प्रार्थना, बायबलवाचन आणि भक्तिगीते हा त्यांच्या दिनक्रमाचा नियमित भाग असतो. चर्च, धर्मप्रांत, स्वयंसेवी संस्था किंवा खाजगी कुटुंबे ही शिबिरे चालवतात. 'ख्रिस्ती' या विशेषणावरून शिबिराचा हेतू कळतो. मात्र तेथील शिकवण किती आग्रही आहे, मुलांवर देखरेख कोण ठेवते आणि जागा कितपत सुरक्षित आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून मुलाला पाठवण्यापूर्वी पालकांनी या तीन बाबींची स्वतंत्रपणे चौकशी करणे आवश्यक ठरते.

इतिहास

मोकळ्या जागी तंबू ठोकून अनेक दिवस चालणाऱ्या धर्मसभांची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. केंटकी राज्यातील केन रिज येथे १८०१ साली भरलेली सभा त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. मुलांच्या शिबिरांचा आरंभ त्यानंतरचा. कनेटिकटमधील शिक्षक फ्रेडरिक गन यांनी १८६१ मध्ये आपल्या शाळेतील मुलांना मुक्कामी सहलीस नेले. हे देशातील पहिले संघटित शिबिर मानले जाते. १८८० मध्ये जॉर्ज हिंकली या धर्मोपदेशकाने ऱ्होड आयलंडमध्ये आपल्या चर्चमधील मुलांसाठी शिबिर भरवले. १८८५ मध्ये समनर डडली यांनी वायएमसीएच्या मुलांना न्यूयॉर्क राज्यातील ऑरेंज लेक येथे नेले. तेथून सुरू झालेले शिबिर पुढे 'कॅम्प डडली' या नावाने आजतागायत चालू आहे.

स्वरूप आणि दिनक्रम

निवासी शिबिराचा कालावधी सामान्यतः एक आठवडा ते एक महिना असतो. मुले लाकडी खोल्यांत (केबिनमध्ये) गटाने राहतात. प्रत्येक गटावर एक 'काउन्सेलर' नेमलेला असतो. या शब्दाचा येथील अर्थ समुपदेशक असा नसून गटप्रमुख असा आहे. हे काम बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थी करतात. सकाळी चिंतन, दिवसा खेळ, सायंकाळी सामूहिक उपासना आणि रात्री शेकोटी असा क्रम सर्वत्र थोड्याफार फरकाने आढळतो. बहुतेक शिबिरांत भ्रमणध्वनी जवळ बाळगण्यास मनाई असून घराशी संपर्क पत्रांद्वारे होतो.

धार्मिक शिकवण

सर्व ख्रिस्ती शिबिरे एकाच साच्याची नसतात. काही शिबिरांत भोजनापूर्वीची प्रार्थना आणि रविवारची उपासना एवढाच धार्मिक भाग असतो. कॅथलिक शिबिरांत मिस्सा व पापनिवेदन यांना स्थान असते. इव्हँजेलिकल शिबिरांचा मुख्य हेतू मुलाने येशूचा वैयक्तिक स्वीकार करावा हा असतो. त्यासाठीचे आवाहन अनेकदा अखेरच्या रात्री, गीते आणि आत्मकथने यांनी भारलेल्या वातावरणात केले जाते. समर्थकांच्या मते हा मुलाच्या आध्यात्मिक जीवनातील मोलाचा क्षण असतो. थकलेल्या आणि घरापासून दूर असलेल्या बालमनावर अशा वेळी समूहाचे दडपण येते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. नॉर्थ डकोटातील एका शिबिरावरील 'जीझस कॅम्प' (२००६) या माहितीपटामुळे हा वाद देशभर गाजला.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांतील मुलांना शेजाऱ्यांकडून किंवा वर्गमित्रांकडून अशा शिबिरांचे आमंत्रण येते, तेव्हा हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. अन्य धर्माच्या मुलाला उपासनेतून सूट मिळते का, पालकांच्या संमतीविना बाप्तिस्मा दिला जातो का, नरक व पाप यांविषयी लहान मुलांना काय सांगितले जाते आणि शाकाहारी भोजनाची सोय आहे का, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. संस्थेचे श्रद्धाविषयक निवेदन बहुधा उपलब्ध असते. ते वाचल्यास पुष्कळ शंका दूर होतात.

देखरेख व बालसंरक्षण

उन्हाळी शिबिरांसाठी देशभर लागू असा एकच संघीय परवाना नाही. नियम राज्यागणिक बदलतात. १९१० मध्ये स्थापन झालेल्या आणि आता 'अमेरिकन कॅम्प असोसिएशन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे मानांकन ऐच्छिक आहे. त्यामुळे शिबिराकडे परवाना आणि मानांकन आहे का, हे दोन वेगळे प्रश्न होत.

श्रद्धेच्या नात्यातून निर्माण झालेला विश्वास चौकशीची जागा घेऊ शकत नाही, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. मिसूरी राज्यातील कानाकुक या मोठ्या ख्रिस्ती शिबिरसंस्थेच्या एका माजी संचालकास मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल २०१० मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. तो मुलांमध्ये आणि पालकांमध्ये लोकप्रिय होता. कॅथलिक बिशपांनी २००२ मध्ये स्वीकारलेल्या सनदेनंतर धर्मप्रांतांत मुलांसोबत काम करणाऱ्यांची पूर्वचौकशी आणि प्रशिक्षण आवश्यक करण्यात आले.

पालकांनी पुढील गोष्टी विचाराव्यात: स्वयंसेवकांसह सर्वांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते का; कोणताही प्रौढ एका मुलाबरोबर एकांतात राहणार नाही असा नियम आहे का; स्नान, कपडे बदलणे आणि रात्रीची झोप यांबाबत कोणती व्यवस्था आहे; तक्रार आल्यास ती शासकीय यंत्रणेकडे कोण व किती वेळात कळवतो. 'आमच्याकडे असे काही घडत नाही' हे या प्रश्नांचे उत्तर नव्हे.

जागेची सुरक्षितता

रम्य नदीकाठ हे अनेक शिबिरांचे आकर्षण असते आणि धोकाही. १७ जुलै १९८७ रोजी टेक्सासमधील ग्वाडालूप नदीला पूर आला असता चर्चच्या शिबिरातून मुलांना परत नेणारी बस पाण्यात अडकली व दहा किशोरवयीन मुले बुडाली. ४ जुलै २०२५ रोजी त्याच नदीच्या पुरात १९२६ पासून चालत आलेल्या 'कॅम्प मिस्टिक' या मुलींच्या ख्रिस्ती शिबिरातील २७ मुली व गटप्रमुख मृत्युमुखी पडल्या. दोनच दिवसांपूर्वी राज्याच्या निरीक्षकांनी तेथे आपत्कालीन योजना असल्याची नोंद केली होती. शिबिरातील अनेक इमारती २०१३ पासून, अपिलांनंतर, संघीय पूरनकाशावरील धोक्याच्या क्षेत्रातून वगळण्यात आल्या होत्या. या दुर्घटनेनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये टेक्सासने शिबिरांच्या सुरक्षेसंबंधी नवे कायदे केले; पूरक्षेत्रातील निवासी खोल्यांवरील निर्बंध हा त्यांतील प्रमुख भाग आहे.

कागदावर योजना असणे आणि मध्यरात्री ती अंमलात येणे यांत अंतर असते. मुले झोपतात ती खोली पाण्यापासून किती दूर व किती उंचावर आहे, रात्री हवामानाचे इशारे कोण ऐकतो, संपर्कजाळे बंद पडल्यास पर्यायी साधन कोणते, खोल्या रिकाम्या करण्याचा सराव होतो का, हे विचारणे पालकांचा हक्क आहे. जलक्रीडांसाठी प्रशिक्षित जीवरक्षक आणि आजारपणासाठी परिचारिका उपलब्ध असावी. मुलाची औषधे व ॲलर्जी यांची माहिती लेखी द्यावी. दायित्वमुक्तीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा.

मुलाची मानसिक तयारी

घरची आठवण येणे स्वाभाविक आहे. प्रथमच जाणाऱ्या मुलाने आधी नातेवाइकांकडे काही रात्री एकट्याने राहून पाहणे उपयुक्त ठरते. 'नाही आवडले तर लगेच घेऊन येऊ' असे आगाऊ वचन देऊ नये, असे तज्ज्ञ सुचवतात. त्याने मुलाचा धीर खचतो. मात्र कोणी अयोग्य वर्तन केल्यास, गुप्तता पाळण्यास सांगितले असले तरी ते घरी सांगायचे, हे मुलाला निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत समजावलेले असावे.

महाराष्ट्रातील संबंधित उपक्रम

महाराष्ट्रातील अनेक चर्चमध्ये मे महिन्याच्या सुट्टीत 'व्हेकेशन बायबल स्कूल' भरते. गीते, बायबलकथा, चित्रकला व खेळ असे तिचे स्वरूप असते आणि मुले बहुधा दिवसाअखेर घरी परततात. या उपक्रमाचे मूळही अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडते. मुक्काम नसल्याने येथे जोखीम कमी असते. तरी शिकवण काय आणि मुलांसोबत कोण, हे दोन प्रश्न येथेही तितकेच लागू होतात.