डिमेन्शिया आणि उपासना: डच शुश्रूषागृहांतील आध्यात्मिक सेवा

नेदरलँड्समधील शुश्रूषागृहात राहायला आलेल्या वृद्धाला डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट यांच्याबरोबरच आणखी एक माणूस भेटायला येतो, तो म्हणजे आध्यात्मिक समुपदेशक. तो प्रॉटेस्टंट पाळक असेल, कॅथलिक, मुस्लिम किंवा हिंदू असेल, किंवा देव न मानणारा मानवतावादीही असेल. मानवतावाद्यांसाठी तर उत्रेख्तमध्ये १९८९ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. या सेवेला कायद्याचा आधार आहे. जिथे माणूस चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ राहतो, अशा आरोग्यसंस्थेने त्याच्या धर्माशी किंवा जीवनदृष्टीशी शक्य तितकी जुळणारी आध्यात्मिक सेवा उपलब्ध ठेवलीच पाहिजे, असे २०१६ पासून लागू असलेला कायदा सांगतो. १९९६ च्या कायद्यातही अशी तरतूद होती.

सुमारे एक कोटी ऐंशी लाख लोकसंख्येच्या या देशात जवळपास तीन लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यांतले बहुतेक घरीच राहतात. शुश्रूषागृहात जागा मिळते ती आजार बराच वाढल्यावर, म्हणजे बोलणे विस्कटू लागल्यावर. समुपदेशकाचे मुख्य साधन मात्र संवाद. पश्चात्ताप, मरणाची भीती, आयुष्याचा हिशेब या गोष्टी बोलूनच मोकळ्या होतात असे त्याला शिकवलेले असते, आणि इथे समोरचा माणूस वाक्य पुरे करू शकत नाही. त्यामुळे या कामाला वेगळी वाट शोधावी लागली.

ती वाट मेंदूच्याच घडणीत सापडते. डिमेन्शियाचे सर्वांत सामान्य कारण असलेल्या अल्झायमर आजारात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसची हानी लवकर होते. नव्या घटना टिकत नाहीत, सकाळी आलेली मुलगी दुपारी आठवत नाही. पण लहानपणापासून हजारो वेळा केलेल्या कृती, पाठ झालेल्या प्रार्थना, चालीवर म्हटलेली गाणी यांचा ठेवा मेंदूच्या वेगळ्या भागांशी जोडलेला असतो आणि तो बराच काळ टिकतो. आपल्याकडे नातवाचे नाव विसरलेल्या आजीने हरिपाठ मात्र न अडखळता म्हणावा, तसाच हा प्रकार.

प्रश्न उरतो तो कोणता हरिपाठ, हा. आज ऐंशी-नव्वदीत असलेले डच लोक फार वेगळ्या देशात वाढले. त्या काळी समाज कॅथलिक, प्रॉटेस्टंट, समाजवादी अशा उभ्या कप्प्यांत वाटलेला होता. प्रत्येक कप्प्याची शाळा, वर्तमानपत्र, नभोवाणी संस्था, रुग्णालयसुद्धा वेगळे. पुढच्या पन्नास वर्षांत हे कप्पे ढासळले, चर्च ओस पडली आणि आता निम्म्याहून अधिक लोक कोणत्याच धर्माचे नाव सांगत नाहीत. शुश्रूषागृहातली तरुण मदतनीस बहुधा अशा लोकांतलीच असते. आजी जेवणापूर्वी प्रार्थनेसाठी डोळे मिटून बसतात, ताटाला हात लावत नाहीत, याचा अर्थ तिला ‘भूक नाही’ असा वाटू शकतो.

म्हणून रहिवाशाचा जीवनवृत्तांत महत्त्वाचा ठरतो, आणि ‘धर्म: कॅथलिक’ एवढी नोंद त्यात पुरत नाही. १९६२ ते ६५ च्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, डच भाषेत होऊ लागली. पण १९४० च्या सुमारास जन्मलेल्या कॅथलिकाच्या कानात बसलेली मिस्सा लॅटिन आहे. समुपदेशकाने मेहनतीने रचलेली सोपी डच प्रार्थना त्याच्यावरून निघून जाते, आणि लॅटिन स्तोत्राची चाल सुरू झाली की ओठ हलू लागतात. प्रॉटेस्टंट शाळांत मुलांना दर आठवड्याला स्तोत्रसंहितेतले एक कडवे पाठ करून सोमवारी म्हणून दाखवावे लागे. तेही १७७३ च्या जुन्या पद्यानुवादातले. नवा, सुबोध अनुवाद इथे कुचकामी ठरतो.

शब्दही संपतात तेव्हा वस्तू कामी येतात. कॅथलिक वृद्धेच्या हातात जपमाळ दिली की बोटे एकेका मण्यावरून आपोआप पुढे सरकतात. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये प्रवचन सुरू होताना पेपरमिंटची गोळी तोंडात टाकायची, शेजाऱ्याकडे पुडी सरकवायची, ही जुनी डच रीत. उपासनेच्या वेळी अशी गोळी हातावर ठेवली, तर ‘आपण चर्चमध्ये आहोत’ हे समजावून सांगावे लागत नाही. धर्मशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात पेपरमिंटला स्थान नाही, पण इथे तिचे काम प्रवचनाहून मोठे आहे.

जुन्या आठवणी सुखाच्याच असतील असे धरून चालणे मात्र धोक्याचे. कडव्या कॅल्विनपंथी प्रॉटेस्टंट घरांत देव कोणाला तारणार हे आधीच ठरलेले आहे अशी शिकवण असे. ‘मी निवडलेल्यांत नाही’ ही बालपणातली धास्ती मधल्या काळातला विवेक गळून पडल्यावर नव्याने डोके वर काढते. कोणी चर्च रागाने सोडलेले असते. अशा माणसाला ऑर्गनच्या सुरांनी अस्वस्थता येऊ शकते. त्याला पुन्हा धार्मिक करणे हे समुपदेशकाचे काम नव्हे.

भीतीला उत्तर देण्याच्या पद्धतीवर नाओमी फाइल यांच्या ‘व्हॅलिडेशन’ पद्धतीचा प्रभाव आहे. म्युनिकमध्ये जन्मलेल्या फाइल अमेरिकेत, वडील चालवत असलेल्या वृद्धाश्रमातच वाढल्या. ‘आई कुठे आहे?’ असे नव्वदीच्या बाईने विचारले, तर ‘ती कधीच वारली’ असे सांगून तिला दर वेळी नव्याने पोरके करायचे नाही. खोटेही बोलायचे नाही. ‘आईची आठवण येतेय का? ती कशी होती?’ असे विचारत तिच्या भावनेबरोबर राहायचे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी १९९७ च्या पुस्तकात हाच धागा पुढे नेला: माणसाचे माणूसपण त्याच्या स्मृतीवर अवलंबून नसते, इतरांनी त्याच्याशी ठेवलेल्या नात्यात ते टिकते.

तुर्की आणि मोरोक्कन स्थलांतरितांची पहिली पिढी आता याच वयात आली आहे. उशिरा शिकलेली डच भाषा आधी पुसली जाते, मातृभाषा मागे राहते. वुजूसाठी (नमाजापूर्वीच्या शुद्धीसाठी) पाणी, किब्ल्याची म्हणजे मक्केची दिशा, हलाल जेवण या बाबी इथे सोयीच्या नव्हे तर मनःशांतीच्या ठरतात. मूळचे भारतीय असलेले सुरीनामी हिंदू वृद्धही या गृहांत आहेत.

समुपदेशकाच्या कानावर पडलेले गुपित राहते, संमतीशिवाय ते डॉक्टरांच्या नोंदींत जात नाही. म्हणूनच नातेवाईक त्याच्यापाशी मोकळे होतात. आईला इथे आणून सोडल्याची टोचणी, ‘जिवंतपणीच गमावल्या’चे दुःख ते त्याला सांगतात. इच्छामरणाचा प्रश्नही त्यांच्यापुढे उभा राहू शकतो. २००२ च्या कायद्याने त्याला ठरावीक अटींवर वाट दिली. निर्णयक्षम असताना लिहून ठेवलेली इच्छा पुढे डिमेन्शिया बळावल्यावर ग्राह्य ठरू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०२० मध्ये आला. निर्णय समुपदेशक घेत नाही. पण कागदावरची आई आणि समोर हसत आइस्क्रीम खाणारी आई यांत खरी कोणती, या प्रश्नाशी झगडणाऱ्या मुलांजवळ तो बसतो.

एका समुपदेशकाच्या वाट्याला मोठ्या संख्येने रहिवासी येतात, त्यामुळे रोजची सेवा मदतनिसांच्याच हाती असते. जेवणापूर्वी मिनिटभर थांबायचे, रविवारी चांगला झगा घालायचा, आंघोळ घालताना ओळखीची चाल गुणगुणायची, हे त्यांना शिकवणे हा समुपदेशकाच्या कामाचा भाग असतो. २०१९ पासून पन्नाशीपुढच्या लोकांना ही सेवा सरकारी खर्चाने घरीही मिळू शकते. डिमेन्शियाच्या रुग्णासाठी ती सुरुवातीलाच घेणे शहाणपणाचे, कारण कोणती स्तोत्रे, कोणती मिस्सा, काय नको, हे तेव्हा तो स्वतः सांगू शकतो.