पडद्यामागची स्क्रिप्ट – लेखांक 7 : उजनी किती टक्के?

पावसाळा लागला की सोलापुरात टपरीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत एकच प्रश्न: उजनी किती टक्के? दौंडचा विसर्ग वाढल्याची बातमी आली, की मोबाइलवरचं धरणसाठ्याचं पान लोक पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत बसतात. पानाची मांडणी तीच असते, आकडा तेवढा बदललेला असतो. तो नेमका कुठे बदलतो, ते आज पाहू.

आधी उजनीचा हिशेब. धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी. त्यातला 63.66 टीएमसी मृत साठा आणि 53.57 उपयुक्त. टक्केवारी निघते ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणजे एकूण साठ्यातून 63.66 वजा करायचे, उरेल त्याला 53.57 ने भागायचं आणि शंभराने गुणायचं. एकूण साठा 90.44 असेल तर उजनी 50 टक्के. मे महिन्यात तो 47.59 वर आला तर उणे 30. धरणात डोळ्यांना पाणी दिसतं आणि बातमीत मात्र 'उणे' येतं, ते यामुळे.

हेच गणित दोन ठिकाणी करता येतं. पहिली जागा सर्व्हर. तुम्ही पान मागितलंत की तिथली स्क्रिप्ट डेटाबेसमधली शेवटची नोंद उचलते, टक्के काढते, आकडा पानात बसवते आणि तयार पान धाडते. रॅस्मस लेरडॉर्फने 1995 मध्ये लोकांसमोर आणलेली पीएचपी ही अशा कामाची जुनी आणि अजूनही धडधाकट भाषा. दुसरी जागा तुमचा ब्राउझर. तिथे जावास्क्रिप्ट चालते. ब्रेंडन आइकने नेटस्केप कंपनीत तिचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला, तोही 1995 मध्येच. ती सर्व्हरकडून नुसता '47.59' मागवते आणि पानावरचा तेवढाच कोपरा बदलते. बाकीचं पान जागचं हलत नाही. या पद्धतीला 2005 मध्ये 'एजॅक्स' हे नाव मिळालं, सोय मात्र त्याआधीच ब्राउझरांत आली होती.

आपल्यासमोरच्या पानावर कोणती पद्धत आहे, हे ओळखणं सोपं आहे. संगणकावर पान उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. सर्व्हरने धाडलेला मूळ मजकूर दिसेल. आकडा त्यात सापडला तर तो सर्व्हरने बसवलेला. पडद्यावर आहे पण मजकुरात नाही, तर बहुधा जावास्क्रिप्टने नंतर भरलेला.

आता जरा खोडी काढू. आकड्यावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा आणि उणे 30 च्या जागी 100 लिहा. उजनी भरली! पान रिफ्रेश केलंत की पुन्हा उणे 30, कारण बदल फक्त तुमच्या पडद्यावर झाला होता. मधल्या वेळात काढलेला स्क्रीनशॉट मात्र व्हॉट्सअॅपवर गावभर फिरू शकतो.

ब्राउझरमधली कुठलीच गोष्ट वापरणाऱ्याच्या हाताबाहेर नसते. म्हणून साठा नोंदवण्याच्या फॉर्मवर जावास्क्रिप्टने 47.59 ऐवजी 4759 टाइप झाल्याची सूचना लगेच जरूर द्यावी, पण तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा झालीच पाहिजे. ती गाळणारा प्रोग्रामर आळशी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासणी लिहिणाऱ्याला उजनीही ठाऊक हवी. 'टक्केवारी शून्य ते शंभरच्या आत' असा पुस्तकी नियम लावलात, तर इथे तो दोन्ही टोकांना मोडतो. उन्हाळ्यात आकडा उणे जातो आणि धरण तुडुंब भरलं की 111 च्या घरात पोहोचतो. पडद्यावर निळी पट्टी काढणारी स्क्रिप्टही इथेच अडखळते, कारण उणे रुंदीची पट्टी काढता येत नाही. तिथे वेगळ्या रंगाची सोय करावी लागते.

आणखी एक हौस आवरायला हवी. धरणावरची नोंद तासाने होत असेल, तर ब्राउझरने दर पाच सेकंदांनी सर्व्हरला विचारण्यात काही अर्थ नाही. पुराच्या दिवसांत हजारो मोबाइल एकदम असं विचारू लागले की सर्व्हर बसतो, आणि तेही भीमाकाठच्या माणसाला त्या आकड्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा. अशा पानावर टक्केवारीचं गणित सर्व्हरनेच नोंद आल्यावर एकदा करून ठेवावं, सर्वांना तेच तयार उत्तर द्यावं, आणि आकड्याशेजारी नोंदीची वेळ ठळक छापावी.

ही नोंद डेटाबेसमध्ये कशी साठवतात, ते पुढच्या आठवड्यात. तोवर कंट्रोल-यूचा प्रयोग दोन-चार पानांवर करून ठेवा.