माशाच्या थर्माकोल पेटीत कोंबडीची पिल्लं : २१ दिवसांचा हिशोब

कारंजा धरण असो, मांजरा असो की भीमा, पाणी चढलं की जाळी घरात बसतात. अशा दिवसांत घरच्या कोंबड्यांचाच आधार. पण कोंबडी खुडूक होईल तेव्हाच पिल्लं निघणार, आणि गिरिराजासारख्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसतच नाहीत. त्यावर उपाय म्हणजे घरचं इन्क्युबेटर. बर्फाची जुनी थर्माकोल पेटी आपल्याकडे असतेच. ती ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

पेटीत काय लागतं? बल्ब, थर्मोस्टॅट, कॉम्प्युटरचा छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि हवेसाठी भोकं. बल्ब थर्माकोलला टेकू देऊ नका, आग लागेल. थर्मोस्टॅटचा सेन्सर अंड्यांच्या उंचीवर ठेवा. अंडी ठेवण्याआधी पेटी एक दिवस रिकामी चालवून बघा.

अंडी कोणती? कोंबड्यांत कोंबडा फिरतो त्याच कळपातली. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, तडा गेलेली नकोत. आणि धुवायची नाहीत, धुतली की वरचं संरक्षक आवरण जातं. निमुळतं टोक खाली करून थंड जागी साठवा.

रोजचं काम
• पंखा असेल तर तापमान ३७.५ अंश.
• पहिले १८ दिवस ओलावा ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०.
• अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. एका बाजूला पेन्सिलने फुली मारली की गोंधळ होत नाही.
• सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा. लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. स्वच्छ दिसलं तर ते अंडं काढून टाका.
• ओलावा बरोबर आहे का ते वजनावरून कळतं. ५० ग्रॅमचं अंडं १८ व्या दिवशी साधारण ४४ ग्रॅम भरलं पाहिजे. जास्त भरलं तर ओलावा जास्त, कमी भरलं तर कमी.
• १८ व्या दिवसानंतर फिरवणं बंद. झाकण उघडायचं नाही.

आपल्या भागातला खरा धोका उन्हाळ्याचा आहे. थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, पेटी थंड करू शकत नाही. मे महिन्यात कलबुर्गीत पारा ४२ च्या वर जातो. खोलीच ४० अंशाला तापली तर बल्ब बंद असूनही आतला जीव मरतो. थंडीपेक्षा उष्णता लवकर मारते. म्हणून एप्रिल-मेमध्ये अंडी लावूच नका. लावायचीच असतील तर घरातली सगळ्यात गार, मातीच्या भिंतीची खोली निवडा.

लाईट गेली तर? हिवाळ्यात पेटीवर गोधडी टाका, भोकं मोकळी ठेवा. तास-दोन तास निभावतं. उन्हाळ्यात उलट करा, झाकण थोडं किलकिलं ठेवा.

पिल्लं निघताना घाई नको. कवच फोडून मदत केली तर रक्तस्राव होतो. पोटातल्या बलकावर पिल्लू दिवसभर सहज निभावतं, त्यामुळे अंग वाळल्यावरच बाहेर काढा. पहिला आठवडा ३२ ते ३५ अंश ऊब द्या. मानमोडीची लस पशुवैद्यकांना विचारून वेळेत द्या. बीदरला नंदीनगरात पशुवैद्यकीय आणि मत्स्य विज्ञानाचं विद्यापीठच आहे, तिथेही विचारता येतं.

पहिल्या वेळी दहा-बाराच अंडी लावा. हात बसला की पेटी भरा.