तीन दिवसांची गोळी 'भारी' असते का?

नगरच्या बाजारपेठेत असो की पाथर्डी-शेवगावकडच्या एखाद्या गावात, मेडिकलवर 'घसा धरलाय, ती तीन दिवसांची भारी गोळी द्या' ही मागणी ठरलेलीच. ही गोळी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन. डॉक्टरांनी दिवसातून दोन-तीनदा घ्यायची अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहून दिली, की ती 'हलकी' वाटते. ऊसतोडीला निघालेल्या माणसाला लवकर आटोपणारं औषध हवं असतं, हे समजण्यासारखं आहे. पण दिवस कमी म्हणजे ताकद जास्त, हा हिशेबच चुकीचा आहे.

अ‍ॅमॉक्सिसिलिन रक्तात साधारण तासाभरात निम्मं उरतं आणि बरंचसं लघवीवाटे निघून जातं, म्हणून ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींमध्ये शिरून मुक्काम करतं. तिसरी गोळी संपल्यावरही कित्येक दिवस अंगात राहतं. फरक एवढाच.

खरा प्रश्न जंतू कोणता, हा आहे. अ‍ॅमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या कुळातलं. ते जंतूची बाहेरची भिंत बांधूच देत नाही. घसा पिकवणारा स्ट्रेप्टोकोकस आजही या कुळापुढे टिकत नाही. उलट त्याच्या काही जाती अ‍ॅझिथ्रोमायसिनला दाद देत नाहीत. न्यूमोनिया करणाऱ्या मायकोप्लाझ्माला मात्र भिंतच नसते. तिथे अ‍ॅमॉक्सिसिलिन कुचकामी, आणि जंतूचं प्रथिनं बनवण्याचं काम अडवणारं अ‍ॅझिथ्रोमायसिन उपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेनेही अ‍ॅमॉक्सिसिलिनला आधी वापरायच्या गटात ठेवलंय, अ‍ॅझिथ्रोमायसिनला जपून वापरायच्या.

सर्दी, फ्लू विषाणूंमुळे होतात. तिथे दोन्ही गोळ्या वाया. बहुतेक साध्या जुलाबांचंही तेच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात फारशी शाळा न शिकलेल्या बायकांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर गावची पोरं वाचवली. त्याच जिल्ह्यात आज जुलाब लागले की आधी अँटिबायोटिक मागितलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

'लहानपणी पुरळ उठलं होतं, मला पेनिसिलिन चालत नाही' असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना तपासणीत अ‍ॅलर्जी निघत नाही. तरी स्वतःहून घेऊन बघू नका. पुरळ किती वेळात उठलं, श्वास लागला होता का, ओठ सुजले होते का, हे डॉक्टरांना नीट सांगा. आणि ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यांनी अ‍ॅझिथ्रोमायसिनची पहिली गोळी घेण्याआधीच ते सांगायला हवं; कारण काहींच्या बाबतीत हे औषध ठोक्यांची लय आणखी बिघडवतं.